आठव्या फळीवर थांबलेलं जहाज

मिरजेहून आलेलं पत्र बरंच मोठं आहे. थोडक्यात सांगायचं तर असं: लिहिणाऱ्या बाई विमा कंपनीतून निवृत्त झाल्या आहेत, वय ६०. घरचं सगळं शिवणकाम आयुष्यभर त्यांनीच केलं. मुलगा-सून इंग्लंडमध्ये असतात. त्यांच्याकडे गेल्या असताना मुलाने पोर्ट्समथच्या गोदीतलं ‘एचएमएस व्हिक्टरी’ हे जुनं लाकडी लढाऊ जहाज दाखवलं आणि त्या भारावून गेल्या. साठीनिमित्त मुलाने त्याच जहाजाचं लाकडी किट पाठवलं. मॉडेल सव्वा मीटर लांबीचं होणार, असं खोक्यावर लिहिलं आहे. दिवाळीनंतर त्यांनी काम सुरू केलं. सांगाडा छान जमला, ‘जेवणाची वेळ टळली तरी कळायचं नाही.’ बाहेरच्या फळ्या लावताना मात्र गाडं अडलं. एका बाजूला आठ फळ्या लागल्या. त्यातल्या दोन नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, तडकल्या, बाकीच्यांत फटी पडल्या आणि सांगाडा एका अंगाला पिळल्यासारखा दिसू लागला. होळीपासून खोकं कपाटावर आहे. मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘कुठवर आलं?’ विचारतो, त्या ‘चाललंय’ म्हणतात. यजमानांचं म्हणणं, ओळखीच्या सुताराकडून पुरं करून घे, नाहीतर विकून टाक, जेवणाचं टेबल तरी मोकळं होईल. बाई विचारतात: सुताराला द्यावं, विकावं, की पुन्हा हात घालावा? ‘हे माझं काम नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. आता जवळचं नीट दिसतही नाही.’

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं ‘हे माझं काम नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते निकालासारखं लिहिलं आहे आणि पुरावा म्हणून आठ फळ्या पुढे ठेवल्या आहेत. पण त्याच पत्रात दुसराही पुरावा आहे, तो तुम्ही मोजलेलाच नाही. सांगाडा जमला. कण्याच्या प्लायवूडवर एकेक आडवी चौकट गुण्याला लावून काटकोनात बसवायची, सगळ्या चौकटी एका रेषेत आणायच्या, हे सोपं काम नव्हे. अनेकांची पहिली जहाजं तिथेच वाकडी होतात. तुमचं ते झालं आणि ते करताना तुम्हाला जेवणाचं भान राहिलं नाही. मग अडलं कुठे? तीन मजली तोफांच्या जहाजाच्या गोल, बोजड नाळेवर, म्हणजे या सगळ्या कामातल्या सर्वांत अवघड वळणावर, आणि तेही आयुष्यातल्या पहिल्याच फळीपासून. यावरून तुमच्या हातांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या कामासाठी किट फार मोठं निवडलं गेलं, एवढंच सिद्ध होतं.

तुम्ही कळवलेल्या तिन्ही दोषांना नेमकी कारणं असतात. ती नीट सांगतो, कारण याच जागी थांबलेली बरीच माणसं हे वाचत असतील.

आधी तडा. फळी पाण्यात भिजवली की वाकते, असं सगळे सांगतात. पाण्याने ती मऊ होते हे खरं, पण तिला वळण लावते ती मुख्यतः उष्णता. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. मग गरम इस्त्रीच्या कडेवर किंवा केस वाळवायच्या ड्रायरसमोर हळूहळू वळवा. हव्या त्या बाकापेक्षा किंचित जास्तच वळवा. मग ती सांगाड्यावर चिमट्यांनी नुसती धरून ठेवा आणि पूर्ण वाळू द्या, रात्रभर. गोंद दुसऱ्या दिवशी.

फटींचं कारणही बहुतेक इथेच आहे. ओली फळी फुगलेली असते. तशीच चिकटवली की वाळताना आकसते आणि शेजारणीपासून सुटते. तुम्ही लिहिलंय की भिजवून ‘लगेच’ लावत होतात. तो ‘लगेच’ काढून टाका.

पण फटींचं मोठं कारण वेगळं आहे आणि ते तुम्हाला एका वाक्यात कळेल, कारण तुम्ही शिवणकाम केलं आहे. घेरदार परकराच्या कळ्या खाली रुंद आणि कमरेकडे निमुळत्या कापाव्या लागतात, तसंच जहाजाच्या फळ्यांचं आहे. मधल्या चौकटीचा परीघ मोठा, नाळेजवळचा लहान, आणि फळ्यांची संख्या मात्र दोन्हीकडे तीच. किटमधल्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीच्या असतात, म्हणून त्या तशाच लावायच्या असतील असं वाटतं. तशा लावल्या की त्या नाळेजवळ एकमेकींवर चढतात, नाहीतर वर उचलल्या जातात. कागदाची पट्टी घेऊन मधल्या चौकटीचा एका बाजूचा परीघ मोजा. समजा तो १२० मिलिमीटर निघाला आणि फळी ५ मिलिमीटरची आहे, तर २४ फळ्या लागतील. नाळेजवळच्या चौकटीवर तोच परीघ ८४ भरला तर तिथे प्रत्येक फळी साडेतीन मिलिमीटरची हवी. प्रत्येक चौकटीवर असं मोजून पेन्सिलने खुणा करा. मग फळी पोलादी पट्टीला लावून कटरने तासा आणि कडेवर पॉलिश पेपर फिरवा. फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करायची वेळ आली, तर तिथे दोन फळ्यांच्या जागी एकच न्या. पिछाडीला उलटं होतं, जागा जास्त उरते. ती लांबट पाचरीने भरायची. खऱ्या जहाजांवरही अशाच पाचरी असत, त्यामुळे तिला ठिगळ समजू नका.

आता पीळ. आठही फळ्या एकाच बाजूला लागल्या, यात उत्तर आहे. वाळणारी प्रत्येक फळी सांगाड्याला आपल्याकडे ओढते. म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे, असंच जायचं. तुमचा पीळ किती आहे ते पाहा: सांगाडा उलटा धरून कण्यावरून एका डोळ्याने टोकापर्यंत नजर टाका. एक-दोन मिलिमीटरचा असेल तर दुसऱ्या बाजूच्या फळ्या लावताना तो बराचसा परत येतो. जास्त असेल तर आठही फळ्या काढा. फेविकॉलने लावल्या असतील तर कोमट पाण्याचा बोळा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ठेवलं की गोंद सैल पडतो. झटपट गोंद वापरला असेल तर ॲसिटोन लागेल, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा. फळ्या निघाल्या की कणा दोन सरळ पट्ट्यांमध्ये आवळून ठेवा. नाळेजवळच्या पहिल्या दोन-तीन चौकटींच्या मधल्या पोकळीत बाल्सा किंवा तसल्याच मऊ लाकडाचे ठोकळे बसवून त्यांना नाळेचा आकार द्या. फळीला तिथे टेकायला भरीव जागा मिळाली की निम्मा त्रास जातो. बऱ्याच किटांमध्ये हे ठोकळे दिलेले नसतात आणि माहितीपुस्तकातही त्यांचा उल्लेख नसतो. चौकटींच्या कडाही तिरक्या घासून घ्या. एक लांब पट्टी त्यांच्यावरून आडवी धरली तर ती प्रत्येक कडेला पूर्ण जाडीभर टेकली पाहिजे, नुसत्या कोपऱ्यावर नव्हे.

आणि ताई, ज्या थराने तुम्ही खचलात तो थर कुणाला दिसणारच नाही. अशा किटांत बहुतेक वेळा फळ्यांचे दोन थर असतात. पहिला जाड, फिक्या मऊ लाकडाचा, तो केवळ आकारासाठी. फटींमध्ये लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरायचा, वाळला की घासायचा, आणि त्यावर पातळ दुसरा थर. व्हिक्टरीच्या बाबतीत तर त्याहून पुढे. खऱ्या जहाजाला १७८० मध्ये पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकले गेले आणि वरच्या भागाला रंग आहे. मॉडेलवर तांबं आणि रंग चढल्यावर पहिल्या आठ फळ्यांचा हिशेब कुणी मागणार नाही.

थांबण्याबद्दलही थोडं लिहितो, कारण ‘होळीपासून पडून आहे’ हे तुम्ही फार अपराधी स्वरात लिहिलं आहे. व्हिक्टरीचा कणा १७५९ मध्ये चॅटमच्या गोदीत बसवला गेला. तेव्हा सप्तवार्षिक युद्ध चालू होतं आणि जहाजाची घाई होती. पण लढाईचं पारडं फिरलं, घाई संपली, आणि ओकच्या लाकडाचा सांगाडा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त काळ तसाच उघडा उभा राहिला. जहाज पाण्यात उतरलं १७६५ मध्ये आणि प्रत्यक्ष सेवेत गेलं १७७८ मध्ये. त्या लांबलेल्या काळात लाकूड चांगलं मुरलं आणि जहाज इतकं टिकण्यामागचं ते एक कारण मानलं जातं. १९२२ पासून ते कोरड्या गोदीत आहे. तुम्ही पाहिलंत तेव्हा त्याच्याभोवती परांची असेल. सडलेल्या फळ्या काढून नव्या बसवण्याचं मोठं काम २०२२ पासून चालू आहे. ज्या जहाजाने तुम्हाला खिळवून ठेवलं, त्याच्याही फळ्या आज काढून पुन्हा लावल्या जात आहेत. कपाटावरच्या चार महिन्यांचं ओझं बाळगू नका.

आता तुमचे तीन पर्याय.

सुताराला देऊ नका. तो कमी पडेल म्हणून नव्हे. फर्निचरचा चांगला सुतार अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हाताने ओळखतो. पण शेकडो बारीक दोऱ्या आणि शंभरावर तोफा हे त्याच्या रोजीच्या हिशेबात बसणारं काम नाही, तो ते उरकेल. शिवाय मग रविवारच्या ‘चाललंय’ची जागा त्याहून मोठं असत्य घेईल आणि ते दिवाणखान्यात काचेच्या पेटीत कायमचं उभं राहील. तुम्हाला ते पाहवेल असं मला वाटत नाही. त्याऐवजी त्या सुताराला एक दिवस चहाला बोलवा. लाकडाचे रेषे कोणत्या दिशेला जातात ते कसं ओळखायचं, रेष्यांच्या उलट तासलं की पट्टी का फाटते, पात्याला धार कशी लावायची, एवढं त्याच्याकडून शिकून घ्या. छापील माहितीपुस्तकात हे नसतं.

विकण्यात लाज नाही. अर्धवट सुरू केलेल्या किटला किंमत कमी येते, पण तो मुद्दा गौण. स्वतःला एकच विचारा: तुम्हाला जहाज हवं आहे की जहाज करणं हवं आहे? पोर्ट्समथची ती दुपार आठवणीत राहावी एवढीच इच्छा असेल तर चांगली फ्रेम केलेला फोटो पुरेल आणि किट निःसंकोच विका. पण जेवण विसरायला लावलं ते करण्याने. म्हणून माझं मत विकू नये असं आहे.

पुन्हा हात घालावा, पण लगेच व्हिक्टरीला नाही. हे मी आग्रहाने सांगतो. तो खोका कोरड्या जागी नीट बंद करून ठेवा आणि आधी एक लहान होडी करा. मॉडेल शिपवेज या अमेरिकी कंपनीची खास नवशिक्यांसाठी तीन होड्यांची मालिका आहे: ग्रँड बँक्सच्या मासेमारीतली डोरी, मग एका शिडाची नॉर्वेजियन प्राम, मग लॉबस्टर पकडणारी लहान नौका. पहिलीत मोजक्याच फळ्या आहेत, तिसरीत डोलकाठी, शिडं आणि दोरकामही येतं. एकीत शिकलेलं पुढचीत लागतं. स्पेनच्या ऑक्रे कंपनीचं ‘पोलारिस’ हेही पहिल्या मॉडेलसाठी बरेच जण सुचवतात. त्यात व्हिक्टरीसारखाच कणा आणि चौकटी आहेत, फक्त आटोपशीर. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि टपालखर्च धरून हिशेब करा. निम्म्या किमतीत दिसणाऱ्या अनोळखी किटांपासून दूर राहा. त्यात इतरांच्या नकाशांच्या चोरून केलेल्या प्रती असतात आणि भाग एकमेकांत बसत नाहीत.

तेवढाही खर्च सध्या नको असेल तर प्लायवूडच्या दुकानातून सागवानी विनिअरचा तुकडा आणा, त्याच्या पट्ट्या कापा आणि एखाद्या गोलसर ठोकळ्यावर निमुळत्या करून लावायचा सराव करा. बिघडलं तर बिघडलं. किटमधल्या फळ्या तुटल्या असतील तर कंपनीला लिहा, सुटे भाग बहुधा मिळतात.

अवजारांची हौस आवरा. बारीक पात्याचा कटर, पोलादी पट्टी, लहान गुण्या, चिमटा, बारीक कानस, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, १२० ते ४०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर आणि कपड्यांचे भरपूर चिमटे. पहिल्या होडीला याहून काही लागत नाही. घासताना मास्क लावा, विशेषतः अक्रोडाच्या लाकडाची धूळ घशाला त्रास देते.

डोळ्यांबद्दल. ‘या वयात’ असं लिहून तुम्ही पुढचं सोडून दिलंय. आधी डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर तेही कळेल. चष्म्याच्या दुकानात सांगा की मला हातभर अंतरावर काम करायचं आहे. वाचायचा चष्मा त्याहून जवळच्या अंतराचा असतो, म्हणून त्याने काम धूसर दिसतं. भिंग बसवलेला दिवा घ्या. आणि रात्री काम करू नका, सकाळच्या उजेडात तासभर पुरे.

टेबलाबद्दल यजमानांचं म्हणणं रास्त आहे. प्लायवूडची चार फूट लांब, दीड फूट रुंद फळी करून घ्या. सगळं काम तिच्यावरच मांडायचं आणि जेवणाच्या वेळी फळीसकट उचलून पलंगाखाली सरकवायचं. आणखी एक गोष्ट दोघांनी मिळून आत्ताच ठरवा: पूर्ण झालेली सव्वा मीटरची व्हिक्टरी घरात राहणार कुठे? डोलकाठ्यांसकट ती उंचही बरीच होईल. काचेची पेटी लागेलच, नाहीतर दोऱ्यांवर बसलेली धूळ पुढे निघत नाही. हा प्रश्न किट घेण्याआधी फार कमी जण विचारतात.

आता मुलाचं. तुम्ही धरून चालला आहात की त्याला तयार जहाज हवंय. तुमच्या पत्रात तरी मला तसं कुठे दिसलं नाही. परदेशातल्या मुलाला आईशी रविवारी बोलताना ‘जेवलीस का’च्या पुढे जायला काहीतरी विषय हवा असतो. ‘कुठवर आलं?’ हा बहुधा तसा विषय आहे. तुम्ही ‘चाललंय’ म्हणता तेव्हा तो विषय तिथेच संपतो. येत्या रविवारी कॅमेरा सरळ त्या आठ फळ्यांकडे वळवा. म्हणा, ‘हे बघ, इथे अडलेय. ही तडकली, ही उचलली गेली. आधी लहान होडी करून शिकायचं ठरवलंय.’ त्याला वाईट वाटलंच तर ते तुम्हाला इतके दिवस एकटीने काळजी करावी लागली याचं वाटेल. त्याच्याकडे कामंही सोपवा. गोदीत दुरुस्ती चालू असताना जहाजाच्या नाळेवर फळ्या कशा बसवल्या आहेत त्याचे फोटो तो काढून पाठवू शकेल. ते नकाशाइतकेच कामाला येतील.

पुढच्या वेळी तिकडे गेलात तर त्याला हार्टलपूलला न्यायला सांगा. तिथे ‘एचएमएस त्रिंकोमाली’ पाण्यावर तरंगतं आहे. ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागाने बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलं. त्याचे पहिले नकाशे मुंबईला पोहोचलेच नव्हते. ते घेऊन निघालेलं ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाशी लढताना हरलं आणि जळालं. मग इंग्लंडहून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. व्हिक्टरी पाहून आलेल्या मराठी माणसाने हे जहाज पाहावंच, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी पावसाचं. मिरजेला कोकणाइतका दमटपणा नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं आणि फेविकॉल वाळायला दुप्पट वेळ घेतो. फळ्या आणि दोरे हवाबंद पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. हे महिने चष्मा, फळी, सराव आणि होडीची मागणी नोंदवणं यात घालवा. चिकटवण्याचं खरं काम नवरात्रानंतर, हवा कोरडी झाली की सुरू करा. पुढे कधी व्हिक्टरीच्या दोरकामाला लागाल, तेव्हा आधी न हलणाऱ्या दोऱ्या, म्हणजे डोलकाठ्यांना ताणून धरणाऱ्या, आणि मग शिडं फिरवणाऱ्या, हा क्रम सोडू नका. प्रत्येक दोरा मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्या, म्हणजे त्यावर तंतू उभे राहत नाहीत. डोलकाठीवर चढायच्या दोरीच्या शिड्यांच्या गाठी शेकड्यांनी मारायच्या असतात आणि तिथे इतरांचे हात थकतात. तुमचे हात ते काम जन्मभर करत आले आहेत.